माणूस मेला म्हणजे खून झालाच असे नाही

एका माणसाच्या हातून दुसऱ्याचा जीव गेला, एवढ्यावरून फौजदारी कायदा कोणताही निष्कर्ष काढत नाही. तोच मृत्यू खून ठरू शकतो, खुनापर्यंत न पोहोचणारा सदोष मनुष्यवध ठरू शकतो, हयगयीने घडलेला मृत्यू ठरू शकतो, किंवा ज्यासाठी कोणालाच शिक्षा करता येत नाही असा निव्वळ अपघातही ठरू शकतो. जीव एकच गेलेला असतो, जखमही कदाचित तीच असते, पण निकाल फाशीपासून निर्दोष सुटकेपर्यंत काहीही लागू शकतो, आणि तो काय लागेल हे मुख्यतः त्या क्षणी करणाऱ्याच्या मनात काय होते यावर ठरते.

वर्तमानपत्रात 'खुनाच्या आरोपातून मुक्तता, सदोष मनुष्यवधासाठी सात वर्षे' अशी बातमी आली की अनेकांना वाटते, न्यायालयाने दया दाखवली किंवा कोणीतरी कोणाला तरी सांभाळून घेतले. बहुतेक वेळा तसे काहीही झालेले नसते. प्रत्येक गुन्ह्याची व्याख्या ठरावीक घटकांची बनलेली असते आणि त्यातला प्रत्येक घटक सरकार पक्षाला वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. त्यातला एक जरी सिद्ध झाला नाही तरी तो विशिष्ट गुन्हा शाबीत होत नाही, मग उरलेले घटक कितीही पक्के असोत. हे घटक कोणते, आणि त्यातला सर्वांत अवघड घटक, म्हणजे आरोपीचे मन, न्यायालय कसे तपासते, हे नागरिक म्हणून आपण समजून घेतले पाहिजे असे मला मनापासून वाटते, कारण ते न समजल्यामुळे आपण चुकीच्या निकालांवर गप्प बसतो आणि बरोबर निकालांवर संतापतो.

आधी कायद्याविषयी थोडेसे. मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ मध्ये मसुदा तयार केलेला भारतीय दंड विधान हा कायदा १८६० मध्ये मंजूर झाला आणि १८६२ पासून लागू झाला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले. खुनाच्या शिक्षेचे जे कलम सगळ्यांना ३०२ म्हणून तोंडपाठ होते ते आता १०३ आहे. परंतु खून, सदोष मनुष्यवध, चोरी यांच्या व्याख्यांचा गाभा जवळजवळ तोच राहिला आहे. त्यामुळे जुन्या कायद्याखाली दीडशे वर्षांत दिले गेलेले निवाडे आजही मार्गदर्शक ठरतात, आणि त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना तर जुनाच कायदा लागतो.

गुन्ह्याचा पहिला घटक म्हणजे कृती. नुसत्या विचाराला शिक्षा नाही. एखाद्याने शेजाऱ्याला मारण्याचे मनात शंभर वेळा घोळवले, तरी जोवर त्याने काही केले नाही तोवर कायदा त्याच्या मनात डोकावत नाही. दोघांनी मिळून गुन्हा करण्याचे ठरवले तर मात्र ते ठरवणे हीच कृती मानली जाते आणि त्यालाच गुन्हेगारी कट म्हणतात. कृती स्वेच्छेची असावी लागते; अपस्माराचा झटका येऊन एखाद्याचा हात जोरात कोणाला लागला, तर ती त्याची कृतीच नव्हे.

काही वेळा काहीच न करणे हीदेखील कृती ठरते, पण फक्त जिथे काहीतरी करण्याची कायदेशीर जबाबदारी असते तिथेच. संहितेतच तुरुंगाधिकाऱ्याचे उदाहरण दिले आहे: कैद्याला अन्न पुरवणे हे ज्याचे कर्तव्य आहे, त्याने मरण यावे या उद्देशाने अन्न तोडले आणि कैदी मेला, तर तो खून होतो. तान्ह्या मुलाला उपाशी ठेवणारे आईबाप याच न्यायाने गुन्हेगार ठरतात. याउलट, विहिरीत बुडणाऱ्या अनोळखी माणसाकडे काठावरून नुसते पाहत राहणारा पट्टीचा पोहणारा आपल्या कायद्याने मनुष्यवधाचा गुन्हेगार ठरत नाही. हे आपल्या नैतिक जाणिवेला बोचते, आणि बोचायलाच हवे. पण कायद्याने आखलेली रेषा ही आहे.

कृती आणि परिणाम यांच्यात थेट कार्यकारण संबंधही लागतो. मुंबईतील एका रंगाच्या कारखान्यात १९६२ साली लागलेल्या आगीत सात कामगार मृत्युमुखी पडले. ज्या खोलीत वॉर्निश आणि टर्पेंटाइनचा साठा होता तिथेच बर्नर पेटवू दिल्याबद्दल कारखान्याच्या चालकावर हयगयीने मृत्यू घडवल्याचा खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, आग प्रत्यक्षात एका कामगाराने गरम मिश्रणात घाईने टर्पेंटाइन ओतल्यामुळे लागली. चालकाने तिथे बर्नर ठेवले नसते तर हे घडले नसते, एवढे म्हणणे पुरेसे नाही. आगीबाबत निष्काळजीपणा केल्याचा किरकोळ गुन्हा त्याच्यावर शाबीत झाला, मृत्यूंचा नाही. हा निवाडा मला आजही पचायला जड जातो, कारण कामगाराच्या घाईइतकीच ती खोलीही त्या मृत्यूंना कारण होती. पण कार्यकारण संबंध किती जवळचा असावा लागतो, याचे ते ठळक उदाहरण आहे.

आता मन. कायद्याचे विद्यार्थी ज्याला 'मेन्स रिया' म्हणतात, त्या अपराधी मनाची एकच सर्वसाधारण अट संहितेत कुठेही लिहिलेली नाही. त्याऐवजी प्रत्येक कलमात मनाची आवश्यक ती अवस्था वेगळ्या शब्दांत सांगितली आहे: 'उद्देशाने', 'जाणीव असताना', 'अप्रामाणिकपणे', 'कपटाने', 'हयगयीने किंवा निष्काळजीपणे'. त्यामुळे कोणत्याही खटल्यात पहिला प्रश्न हा असतो की, या कलमाला मनाची कोणती अवस्था हवी आहे?

चोरीचेच पाहू. स्वारगेटच्या स्थानकावर दोन सारख्या काळ्या बॅगा शेजारी ठेवलेल्या आहेत आणि एक प्रवासी घाईत दुसऱ्याची बॅग उचलून गाडीत बसतो. वस्तू दुसऱ्याची आहे, संमती नाही, ती हलवलीही गेली आहे. तरीही चोरी झालेली नाही, कारण अप्रामाणिक उद्देश नाही. घरी पोहोचल्यावर बॅग दुसऱ्याची आहे हे कळूनही त्याने आतले दागिने ठेवून घेतले, तर तिथून पुढे वेगळा गुन्हा सुरू होतो. उलट बाजूने, कायमचे लुबाडण्याचा विचार नसला म्हणजे चोरी नाही, असेही नाही. १९५२ मध्ये जोधपूरच्या हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्रातील एका प्रशिक्षणार्थीने परवानगीशिवाय हार्वर्ड विमान उडवले आणि ते पाकिस्तानात उतरले. विमान कायमचे पळवायचे होते असे मानण्याची गरज नाही, काही काळापुरता मिळवलेला गैरफायदाही चोरीला पुरेसा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सांगितले.

उद्देश आणि हेतू यांत गल्लत होऊ देऊ नये. हेतू म्हणजे कृतीमागचे कारण: भूक, सूड, मत्सर, लोभ. उद्देश म्हणजे त्या कृतीतून नेमके काय घडवायचे होते ते. उपाशी मुलांसाठी दुकानातून धान्याचे पोते उचलणाऱ्या बापाचा हेतू कळवळ्याचा असला, तरी दुसऱ्याचे धान्य त्याच्या संमतीशिवाय नेण्याचा उद्देश होताच, म्हणून ती चोरीच ठरते. त्याचा हेतू शिक्षा ठरवताना विचारात घेता येतो. त्याचप्रमाणे प्रत्यक्ष पाहणारे विश्वासार्ह साक्षीदार असतील, तर हेतू सिद्ध न झाल्यानेही खटला ढासळत नाही. केवळ परिस्थितिजन्य पुराव्यावर उभ्या असलेल्या खटल्यात मात्र हेतूला वजन येते.

मनुष्यवधाच्या बाबतीत या सगळ्याचा कस लागतो. आपल्याकडे प्रत्येक विधी महाविद्यालयात शिकवला जाणारा 'गोविंदा' खटला १८७६ मधला, मुंबई उच्च न्यायालयातला आहे. अठरा वर्षांच्या गोविंदाने भांडणात आपल्या पंधरा वर्षांच्या पत्नीला खाली पाडले, छातीवर गुडघा रोवला आणि तोंडावर दोन-तीन जोरदार ठोसे मारले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती मेली. सत्र न्यायालयाने खुनासाठी फाशीची शिक्षा सुनावली होती. उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले आणि प्रकरण न्या. मेलव्हिल यांच्याकडे गेले. त्यांनी सदोष मनुष्यवध आणि खून यांच्या व्याख्या शेजारी शेजारी ठेवून एकेक शब्द ताडून पाहिला. मृत्यू घडवण्याचाच उद्देश असेल तर तो खून, यात वाद नाही. प्रश्न येतो तो केवळ इजा करण्याचा उद्देश असतो तेव्हा. ती इजा मृत्यू येण्याचा संभव असलेली असेल, तर सदोष मनुष्यवध. आणि निसर्गक्रमानुसार मृत्यू यायला पुरेशी असेल, तर खून. संभव किती दाट होता, यावर सारा भेद उभा आहे. मुठीचे दोन-तीन ठोसे सामान्यतः जीव घेतातच असे नाही, म्हणून गोविंदा सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरला आणि फासावरून सुटला. ज्या मुलीचा जीव गेला तिच्या बाजूने पाहिले तर हा निकाल अपुरा वाटतो, आणि मला तो भाव समजतो. पण न्यायालयापुढे प्रश्न तिच्या मृत्यूच्या किमतीचा नव्हता, तर त्याच्या मनाच्या मोजमापाचा होता.

याच व्याख्येची दुसरी बाजू १९५८ च्या विरसा सिंग खटल्यात स्पष्ट झाली. पोटात भाल्याचा एकच वार झाला होता आणि बचाव असा होता की, ठार मारण्याचा उद्देश सिद्ध झालेला नाही. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले व्हिव्हियन बोस तेव्हा सर्वोच्च न्यायालयात होते. त्यांनी दाखवून दिले की, इथे दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. झालेली इजाच करण्याचा आरोपीचा उद्देश होता का, की ती चुकून किंवा अनपेक्षितपणे झाली, हा पहिला प्रश्न. तो आरोपीच्या मनाचा आहे. ती इजा मृत्यूला पुरेशी होती का, हा दुसरा प्रश्न. तो वैद्यकीय वस्तुस्थितीचा आहे आणि त्याचा आरोपीच्या समजुतीशी संबंध नाही. पोटात जोराने भाला खुपसणाऱ्याला 'तो मरेल असे मला वाटले नव्हते' असे म्हणून खुनातून सुटता येत नाही.

उद्देशाच्या खालची पायरी जाणिवेची. वरातीत दारूच्या भरात कोणी गर्दीच्या दिशेने बंदूक झाडली, तर त्याला कोणालाच मारायचे नसेल, पण कोणीतरी मरेल हे त्याला कळत होते. आणि जाणिवेच्याही खाली हयगय: धोका ओळखायला हवा होता, पण ओळखला नाही किंवा काळजी घेतली नाही. या दोन पायऱ्यांमधले अंतर कागदावर बारीक दिसते, पण प्रत्यक्षात प्रचंड आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली आणि सात जण मेले. सत्र न्यायालयाने हयगयीने मृत्यू घडवल्याचे कलम लावून सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने मात्र मद्य पिऊन अशा वेगाने गाडी चालवणाऱ्याला परिणामाची जाणीव असते, असे मानून सदोष मनुष्यवधाचे कलम लावले आणि तीन वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती कायम केली. सात जिवांसाठी तीन वर्षे हे फार थोडे आहे, हे माझे स्पष्ट मत आहे, तरीही 'हयगय' आणि 'जाणीव' या शब्दांत काय फरक पडतो ते या प्रकरणाइतके स्वच्छ क्वचितच दिसते. नव्या संहितेच्या कलम १०६ नुसार हयगयीने मृत्यू घडवल्याची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षे झाली आहे. नोंदणीकृत डॉक्टरांच्या हातून उपचारादरम्यान मृत्यू झाल्यास ती दोन वर्षे आहे. डॉक्टरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितले होते की, नुकसानभरपाई देण्याजोगी चूक आणि गुन्हा ठरण्याजोगी ढोबळ हयगय या भिन्न गोष्टी आहेत.

मनातले कोणालाच दिसत नाही, मग ते सिद्ध कसे होते? कबुलीने क्वचितच. न्यायालय वर्तनावरून मागे जाते: कोणते हत्यार वापरले, ते सोबत आणले होते की हाताला लागले ते उचलले, घाव शरीराच्या कोणत्या भागावर, किती जोराने आणि किती वेळा, आधी काय बोलणे झाले, नंतर माणूस पळाला की त्याने दवाखान्यात नेले. नानावटी खटल्यात हे वाचन किती बारकाईने होते ते दिसते, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो.

२७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस नानावटी यांना त्यांच्या पत्नीने मुंबईत घरी सांगितले की, प्रेम आहुजा नावाच्या गृहस्थांशी तिचे संबंध आहेत. नानावटींनी पत्नीला आणि मुलांना मेट्रो चित्रपटगृहात सोडले, आपल्या जहाजावर गेले, रात्री एकट्याने अहमदनगरला गाडीने जायचे आहे अशी खोटी सबब सांगून तिथल्या भांडारातून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या, आधी आहुजांच्या कार्यालयात गेले, तिथे ते नाहीत असे कळल्यावर त्यांच्या घरी गेले आणि शयनगृहात शिरले. तीन गोळ्या लागून आहुजा मेले. नानावटी तिथून स्वतः पोलिसांकडे गेले.

बचावाचे म्हणणे होते की, झटापटीत गोळ्या सुटल्या, म्हणजे हा अपघात होता. आणि ते मान्य नसेल तर गंभीर व आकस्मिक प्रक्षोभामुळे हे घडले, म्हणून हा खून नव्हे. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो कौल कोणत्याही समंजस माणसाने देण्याजोगा वाटला नाही आणि त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने खुनासाठी जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

प्रक्षोभाचा अपवाद समजून घेण्यासारखा आहे, कारण तिथे मारण्याचा उद्देश असतोच. कायदा फक्त एवढे मान्य करतो की, त्या उद्देशावरचा ताबा माणसाने क्षणभर गमावला होता. न्या. सुब्बाराव यांनी लिहिलेल्या निवाड्यात कसोटी अशी दिली आहे: आरोपीच्याच समाजस्तरातील एखादा सामान्य विवेकी माणूस त्या परिस्थितीत ताबा गमावेल का, आणि जीवघेणा घाव त्या संतापातच घातला गेला का, की संताप निवायला वेळ मिळाल्यानंतर? पत्नीची कबुली हा गंभीर प्रक्षोभ होता, हे न्यायालयाने नाकारले नाही. नाकारले ते त्याचे आकस्मिक असणे. दुपारी दीडच्या सुमारास घर सोडल्यापासून चार वाजून वीस मिनिटांपर्यंत सुमारे तीन तास गेले होते, आणि त्या तीन तासांत नानावटींनी केलेली प्रत्येक गोष्ट विचारपूर्वक केलेली होती. जहाजावर सांगितलेली ती खोटी सबबच सर्वांत बोलकी आहे, कारण ताबा सुटलेला माणूस नोंदवहीत टिकेल असे कारण रचत बसत नाही. झटापटीचा दावाही टिकला नाही. मृताच्या कमरेला गुंडाळलेला टॉवेल जागच्या जागी होता, आणि झटापट झाली असती तर तो तसा राहण्याचा संभव कमी होता. नानावटींच्या बाजूने जनमत जबरदस्त होते, नंतर १९६४ मध्ये त्यांना माफीही मिळाली. पण माफी हा सरकारच्या अधिकाराचा भाग आहे. तिने गुन्ह्याचे स्वरूप बदलत नाही.

उद्देश आणि कृती एकाच वेळी एकत्र यावी लागतात, हे कधी कधी विचित्र निकालांपर्यंत नेते. १९१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे आलेल्या पलानी गौंडन खटल्यात नवऱ्याने नांगराच्या फाळाने बायकोच्या डोक्यावर घाव घातला, ती बेशुद्ध पडली, तो मेली समजला आणि आत्महत्येचा देखावा करण्यासाठी त्याने तिला आढ्याला टांगले. ती मेली ती गळफासाने. घाव घालताना जीव घेण्याचा उद्देश सिद्ध होत नव्हता, आणि टांगताना तर त्याच्या समजुतीप्रमाणे समोर प्रेत होते. म्हणून तो मनुष्यवधाचा नव्हे, दुखापतीचा दोषी ठरला. लक्ष्य चुकले तर मात्र सुटका नाही. विम्याच्या पैशांसाठी एका माणसाला विषारी हलवा दिला गेला, त्याने थोडा खाऊन टाकून दिला, तो एका लहान मुलीने खाल्ला आणि ती मेली. १९१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हलवा देणाऱ्याला तिच्या खुनासाठी दोषी धरले. मनातला बळी वेगळा होता, पण उद्देश मारण्याचाच होता, आणि आजच्या संहितेचे कलम १०२ हेच सांगते.

गुन्हा पुरा झाला नाही, तरी प्रयत्नाला शिक्षा आहे; तयारीला, दरोड्यासारखे काही अपवाद सोडले तर, नाही. ही सीमा कुठे आहे यावर १९६८ चे एक प्रकरण मोलाचे आहे. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी रात्री वसईजवळच्या कामण खाडीपर्यंत एका जीपचा आणि ट्रकचा पाठलाग केला. चांदीच्या लगडी उतरवायला सुरुवात झाली होती आणि खाडीतून यांत्रिक बोटीच्या इंजिनाचा आवाज आला होता, तेवढ्यात छापा पडला. चांदी अजून जमिनीवरच होती, म्हणून ही तयारी आहे, असे सत्र आणि उच्च न्यायालय दोघांनी मानले. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ते बदलले: कृती गुन्ह्याच्या किती जवळ पोहोचली होती, यापेक्षा तिने उद्देश किती निःसंदिग्ध दाखवला, हे महत्त्वाचे आहे, आणि रात्रीच्या वेळी खाडीकाठी बोटीची वाट पाहत चांदी उतरवणाऱ्यांचा उद्देश चांदी परदेशी पाठवण्याचाच होता.

मन नसलेल्यांना शिक्षा नाही, याची उदाहरणे थोडक्यात. सात वर्षांखालील मुलाची कोणतीही कृती गुन्हा नाही. सात ते बारा वर्षांपर्यंत मुलाला परिणाम समजण्याइतकी परिपक्वता होती का, हे पाहिले जाते. मनोविकारामुळे कृतीचे स्वरूपच कळत नसलेला माणूस दोषी नाही. वस्तुस्थितीबाबत प्रामाणिक गैरसमज असेल तरीही नाही: १९५२ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाने अशा एका बापाला निर्दोष ठरवले, ज्याने तापाच्या भ्रमात आणि मोतीबिंदूने अंधुक झालेल्या नजरेने आपल्याच मुलाला वाघ समजून कुऱ्हाडीने मारले होते. स्वतःहून प्यालेल्या माणसाला मात्र ही सवलत नाही. १९५६ च्या एका खटल्यात लग्नाच्या जेवणात जागेवरून न हलणाऱ्या मुलावर दारूच्या नशेत गोळी झाडणाऱ्या निवृत्त जमादाराला सर्वोच्च न्यायालयाने खुनाचाच दोषी ठरवले, कारण तो चालू-बोलू शकत होता आणि आपण काय करतो हे त्याला कळत होते.

आता या सर्वांचा ज्या ठिकाणी खरा कस लागतो, त्या प्रश्नाकडे येतो. संसद किंवा सरकार असे गुन्हे निर्माण करू शकते का, ज्यात मनाचा विचारच नाही? नोव्हेंबर १९६२ मध्ये झुरिकहून मनिलाला निघालेला एक जर्मन प्रवासी मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर विमान थांबले असता पकडला गेला. त्याच्या जाकिटात प्रत्येकी एक किलोच्या ३४ सोन्याच्या कांड्या होत्या. भारतातून जाणारे असे सोनेही विमानाच्या माल-यादीत नोंदवले पाहिजे, ही रिझर्व्ह बँकेची अधिसूचना राजपत्रात २४ नोव्हेंबरला छापून आली होती, तो २७ तारखेला झुरिकहून निघाला होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने पुन्हा दोषी धरले: परकीय चलनाचे नियमन देशाच्या अर्थव्यवस्थेसाठी आहे, आणि अशा कायद्यात अपराधी मन सिद्ध करण्याची अट घातली तर कायदाच निष्प्रभ होईल. शिक्षा मात्र तोवर भोगलेल्या कैदेपुरती कमी करण्यात आली. न्या. सुब्बाराव, म्हणजे नानावटींना दोषी ठरवणारेच न्यायमूर्ती, इथे अल्पमतात होते. कायद्याने स्पष्ट शब्दांत किंवा अपरिहार्यपणे वगळले नसेल तर अपराधी मन हवेच, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी मध्य प्रदेशातील नथुलाल या धान्य व्यापाऱ्याच्या प्रकरणात त्यांना हा विचार पुढे नेता आला. त्याने परवान्यासाठी अर्ज आणि शुल्क भरले होते, परवाना येणारच या समजुतीने गहू साठवला होता, आणि जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली दोषी ठरला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला मुक्त केले. मला न्या. सुब्बाराव यांचीच बाजू पटते. भेसळ, प्रदूषण, कारखान्यातील सुरक्षितता अशा बाबतींत दंडापुरती कडक जबाबदारी समजू शकते, पण माणसाला तुरुंगात पाठवायचे तर त्याच्या मनाचा विचार करणे ही चैन नव्हे, न्यायाची किमान अट आहे.

समान इराद्याचेही एक वाक्य आवश्यक आहे, कारण बातम्यांत ते सतत येते. अनेकांनी मिळून समान इराद्याने कृत्य केले, तर प्रत्यक्ष वार न करणाराही तितकाच जबाबदार धरला जातो. पण त्यासाठी तो तिथे हजर होता एवढे पुरत नाही, त्याच्याही मनात तो इरादा होता हे दाखवावे लागते.

पोलिसांनी एफआयआरमध्ये लावलेले कलम हा या सगळ्याचा पहिला अंदाज असतो. आरोपपत्र दाखल झाल्यावर न्यायालय कागदपत्रे पाहून आरोप निश्चित करते, आणि निकाल देईपर्यंत केव्हाही तो बदलू शकते. आरोपीला एखाद्या अपवादाचा आधार घ्यायचा असेल, म्हणजे मनोविकार, प्रक्षोभ किंवा स्वसंरक्षण, तर त्या परिस्थितीचा पुरावा देण्याचा भार त्याच्यावर असतो; मात्र तो सरकार पक्षाइतका कठोर नसतो, संभाव्यतेचे पारडे आपल्या बाजूने झुकले एवढे दाखवले तरी पुरते. १९६४ मध्ये गुजरातमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच्याही पुढे जाऊन सांगितले की, आरोपीला अपवाद पूर्णपणे सिद्ध करता आला नाही, तरी त्याने दिलेल्या पुराव्यामुळे खुनाला लागणाऱ्या उद्देशाबद्दलच न्यायालयाच्या मनात वाजवी संशय निर्माण झाला, तर त्या संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, कारण उद्देश सिद्ध करण्याचा सरकार पक्षावरचा भार संपूर्ण खटल्यात कधीच दुसऱ्याकडे सरकत नाही.